वाचनालय भरून गेलंय: नवी इमारत केवढी हवी आणि कुठल्या जागेवर?

कपाट_क्रमांक_७ (प्रश्न)

नमस्कार. सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या इमारतीचं काम आमच्या समितीकडे आहे. माहिती थोडक्यात अशी:

सध्याची इमारत एकमजली, २२० चौरस मीटर. पुस्तकं २४,०००. फळ्या ९५ टक्के भरल्या आहेत, उरलेली पुस्तकं कपाटांच्या माथ्यावर आडवी ठेवलीत. दोन रॅकमधली वाट जेमतेम ६५ सेंटिमीटर. वर्षाला सुमारे १,४०० पुस्तकं येतात, त्यातली निम्मी देणगीची. ३०० बाद होतात. बसायला २० खुर्च्या, त्या संध्याकाळी पुरत नाहीत. मुलांचा विभाग म्हणजे कोपऱ्यातलं एक सतरंजीचं बस्तान. रोज साधारण १५० जण येतात.

जागा तीन आहेत. (अ) वळणरस्त्यापलीकडचा २,४०० चौरस मीटरचा भूखंड, दान म्हणून मिळतोय, वस्तीच्या मध्यापासून अडीच किलोमीटर. (ब) शाळा आणि बसथांब्याजवळची ९०० चौरस मीटरची जागा, विकत घ्यावी लागेल. (क) जुनी इमारत पाडून तिथेच नवी बांधायची.

किती क्षेत्रफळ धरायचं, आणि जागांची तुलना कोणत्या निकषांवर करायची? वीस वर्षांचा विचार करतोय.

---

दाखलनोंद

आधी क्षेत्रफळाचं बघू. ते ठरल्याशिवाय जागेची चर्चा म्हणजे नुसत्या आवडीनिवडी.

पुस्तकांची संख्या बाजूला ठेवा आणि टेप घेऊन फळ्या मोजा. एकूण फळ्यांची लांबी किती मीटर, त्यातली भरलेली किती, हे विभागवार लिहा. मग प्रत्येक विभागातल्या वाटेल त्या दहा फळ्यांवरची पुस्तकं मोजून एका मीटरला किती बसतात ते काढा. मोठ्यांच्या पुस्तकांना साधारण ३० ते ३५ धरतात. मुलांची पातळ चित्रपुस्तकं ६० च्या पुढे जातात. ३३ धरली तर तुमची २४,००० पुस्तकं म्हणजे सुमारे ७२५ मीटर.

फळी ७५ टक्के भरली की ती भरली असंच समजायचं. कारण नवी पुस्तकं रांगेच्या शेवटी लागत नाहीत, वर्गीकरणाप्रमाणे मधे कुठेतरी शिरतात. फळ्या ९५ टक्के भरलेल्या असल्या की एक पुस्तक घुसवायला पुढच्या चार फळ्या सरकवाव्या लागतात. मग कर्मचारी ते पुस्तक आडवं ठेवतात आणि ते वाचकाला सापडत नाही. शिवाय घट्ट बसलेलं पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढलं जातं आणि बांधणी नेमकी तिथेच फाटते. तुमच्याकडे तशी फाटलेली टोकं मोजून पाहा, गर्दीच्या फळ्या आपोआप कळतील. ७२५ मीटर पुस्तकांना म्हणजे आजच ९७० मीटर फळ्या हव्यात. तुमच्याकडे सुमारे ७६५ असाव्यात. म्हणजे तुटवडा आजच २०० मीटरचा आहे.

आता वाढ. १,४०० वजा ३०० म्हणजे वर्षाला १,१००, वीस वर्षांत २२,००० आणि एकूण ४६,००० असा सरळ हिशेब कृपया करू नका. १९४४ मध्ये फ्रीमाँट रायडर या अमेरिकी ग्रंथपालांनी तिथल्या मोठ्या ग्रंथालयांचा साठा दर १६ वर्षांनी दुप्पट होतो असं मांडलं आणि त्याच चालीने येल विद्यापीठाकडे २०४० साली सुमारे २० कोटी पुस्तकं असतील असा आकडा काढला. प्रत्यक्षात साठा त्याच्या आसपासही नाही. ग्रंथालय ही वर्धिष्णू (सतत वाढणारी) संस्था आहे हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं १९३१ चं सूत्र आपण सगळेच सांगतो, पण वाढणाऱ्या झाडाची छाटणीही करावी लागते.

तुमच्या वाढीतली निम्मी पुस्तकं देणगीची आहेत, म्हणजे कुणाच्या तरी घरातलं कपाट रिकामं झालं म्हणून ती आलेली. वाचकांची मागणी त्यातून कळत नाही. देणगीचं लेखी धोरण करा: गठ्ठा घ्यायचा नाही, यादी आधी मागवायची, निवड वाचनालयाची, न निवडलेली पुस्तकं देणगीदाराने परत न्यायची. हे एक पान मंजूर झालं तरी वाढीचा आकडा खाली येतो.

बाद करण्याचा क्रम असा ठेवा. आधी पूर्ण साठापडताळणी, कारण नोंदीत असलेली पण फळीवर नसलेली पुस्तकं दरवेळी निघतातच. मग देवघेवीच्या नोंदीवरून प्रत्येक पुस्तक शेवटचं कधी बाहेर गेलं त्याची विभागवार यादी. कथा-कादंबरीत तीन वर्षं न गेलेल्या जादा प्रती काढा. स्पर्धा परीक्षा, कायदा, संगणक यांच्या जुन्या आवृत्त्या तीन ते पाच वर्षांत निरुपयोगी होतात, आणि चुकीचा कायदा फळीवर ठेवणं हे रिकाम्या फळीपेक्षा वाईट. यादी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायची, समितीचा ठराव घ्यायचा, दाखलनोंदवहीत ठरावाची तारीख घालून ‘बाद’ लिहायचं, पुस्तकावर शिक्का मारायचा आणि मगच ते बाहेर. स्थानिक इतिहास, जुनी नियतकालिकं, दुसरीकडे न मिळणाऱ्या प्रती यांना हे नियम लावू नका. वीस वर्षांत कुणी मागितलं नाही म्हणून एखाद्या गावचा छापील इतिहास रद्दीत घालणं हे भरून न येणारं नुकसान आहे. त्यांच्यासाठी बंद साठ्याची, म्हणजे वाचकाने आत न जाता पुस्तक मागून घ्यायची, वेगळी खोली धरा.

असं केलं तर २४,००० चे २०,००० होतील असं धरा आणि पुढे निव्वळ वाढ वर्षाला ६००. वीस वर्षांनी ३२,०००. खुल्या रॅकसाठी, वाटा धरून, चौरस मीटरला ११० ते १२० पुस्तकं हे सुरक्षित प्रमाण आहे. १२० धरली तर सुमारे २७० चौरस मीटर. देवघेवीत बाहेर असलेली पुस्तकं यातून वजा करू नका. परीक्षा संपल्या किंवा वार्षिक तपासणी आली की ती सगळी एकदम परत येतात.

खुर्च्यांसाठी एक आठवडा दर तासाला बसलेले किती, उभे किती आणि जागा नाही म्हणून परत गेलेले किती, ते मोजा. तिसरा आकडा कुणी लिहीत नाही आणि तोच खरा महत्त्वाचा. ६० खुर्च्या धरल्या, प्रत्येकी अडीच चौरस मीटर, तर १५०. मुलांचा विभाग ११५. देवघेव टेबल आणि कर्मचाऱ्यांची कामाची जागा ४०. ८० जणांचं छोटं सभागृह ८०. बेरीज ६५५. भिंती, जिना, स्वच्छतागृहं, येण्याजाण्याच्या वाटा धरून उपयोगी जागा एकूण बांधकामाच्या ७० टक्के पडते, म्हणून ६५५ भागिले ०.७, म्हणजे सुमारे ९३५ चौरस मीटर बांधकाम. तुमच्या मोजणीप्रमाणे आकडे बदला, पद्धत हीच ठेवा.

---

पायवाट

दाखलनोंद यांचा हिशेब धरून जागेकडे येतो.

पहिली चूक बहुतेक समित्या करतात ती नकाशाची. सभासदांचे पत्ते नकाशावर टाकले की ठिपके जुन्या इमारतीभोवती दाट दिसतात आणि ‘वाचक इथेच आहेत’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात जवळ राहणारेच सभासद झाले, एवढंच तो नकाशा सांगतो. जे येऊ शकले नाहीत ते त्यात नाहीतच. म्हणून दुसरा नकाशा करा: शाळा, वसतिगृहं, दाट वस्ती, दवाखाना, बसथांबे, रोजचा बाजार. मग प्रत्येक जागेभोवती ८०० मीटरचं वर्तुळ काढा, म्हणजे मोठ्या माणसाची दहा मिनिटांची चाल. पण वर्तुळावर थांबू नका. रेल्वेरूळ, नाला, मोठा रस्ता आडवा आला की ८०० मीटरचे दीड किलोमीटर होतात. प्रत्यक्ष चालून वेळ लिहा, आणि सोबत दहा वर्षांचं मूल कुठे रस्ता ओलांडेल ते बघा. ज्या जागेवर मूल एकटं येऊ शकत नाही तिथला बालविभाग सुट्टीच्या दिवशी पालकांबरोबरच भरेल, एरवी रिकामा.

वर्दळ मोजायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक जागेसमोर एक कामाचा दिवस, एक बाजाराचा दिवस, एक सुट्टी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि अंधार पडल्यावर पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहायचं. पायी किती, सायकलवर किती. त्यात बायका, मुलं, म्हातारी माणसं वेगळी. अंधारानंतरची मोजणी टाळू नका. संध्याकाळी सातनंतर ज्या रस्त्यावर एकटी बाई दिसत नाही, तिथे उघडं वाचनालय तुमच्या निम्म्या सभासदांना बंदच असतं.

आता तुमची (अ) जागा. १५० जण रोज येतात. वस्तीच्या मध्यापासून अडीच किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन पाच. रोजचे ७५० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर सव्वादोन लाख किलोमीटर. हा खर्च जमाखर्चात दिसत नाही कारण तो वाचक करतात, आणि जे करू शकत नाहीत ते येणं सोडतात. वाचनालयात येणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी कामाला निघालेला असतो. भाजी घेताना, मुलाला शाळेतून आणताना, बसची वाट बघताना तो आत शिरतो. मुद्दाम वाकडी वाट करून येणारे थोडेच.

(क) मध्ये एक गोष्ट विसरली जाते. पाडून बांधायचं तर दीड-दोन वर्षं वाचनालय दुसरीकडे चालवावं लागेल. भाडं, दोनदा हलवाहलव, बहुतेक साठा गोणीत बंद, आणि त्या काळात सवय तुटलेले सभासद. सवय जुळायला फार काळ लागतो. हे सगळं (क) च्या खर्चात लिहा, मग तुलना करा. शिवाय त्या भूखंडाचं माप तुम्ही दिलेलं नाही. ९३५ चौरस मीटर बांधकाम तिथे बसतं का, तेच आधी बघा.

---

तुळई_खांब

वजनाबद्दल कुणी बोललेलं नाही, म्हणून लिहितोय.

पुस्तकं हा इमारतीतला सर्वात जड मालांपैकी एक. लहान आकाराच्या कादंबऱ्या एका मीटर फळीला २० ते २५ किलो, मोठ्या आकाराचे ग्रंथ ३५ ते ४०, बांधीव नियतकालिकं ५० पर्यंत. दोन्ही बाजूंनी पुस्तकं असलेला ९० सेंटिमीटर रुंदीचा, सहा फळ्यांचा रॅक घ्या. बारा फळ्या, १०.८ मीटर. मीटरला ३५ किलोप्रमाणे ३७८ किलो, रॅकचे स्वतःचे ६५, म्हणजे सुमारे ४४० किलो. रॅकची खोली ४५ सेंटिमीटर आणि त्याच्या वाट्याची ९० सेंटिमीटर वाट धरली तर हे वजन १.२ चौरस मीटरवर येतं: चौरस मीटरला ३६० किलो. त्याच रॅकवर बांधीव अंक ठेवले की आकडा ५०० वर जातो. राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलोला धरलेला असतो. बांधकाम-संहितांमध्ये पुस्तकसाठ्याच्या खोलीला ६ ते ७ किलोन्यूटन, म्हणजे ६०० ते ७०० किलो प्रति चौरस मीटर, उगाच मागितलेले नाहीत. रुळांवर सरकणारे रॅक बसवायचे तर १,२०० किलोच्या पुढचा विचार लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. सध्याच्या इमारतीखाली तळघर नसेल आणि फरशी थेट भरावावर असेल तर मोठा धोका नाही. पण पोटमाळ्यावर गठ्ठे ठेवले असतील तर आजच खाली उतरवा. दुसरं, नव्या इमारतीत कुठला रॅक पुढे कुठे सरकेल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून ‘रॅक इथे, टेबलं तिथे’ अशी हलकी-जड विभागणी करून पोलाद वाचवू नका. ज्या मजल्यावर पुस्तकं जाण्याची शक्यता आहे तो पूर्ण मजला साठ्याच्या भाराला करा.

माती: जागा घेण्याआधी, ठरल्यावर नव्हे, तीन ठिकाणी छिद्रं घेऊन मातीपरीक्षण करा, दोन कोपरे आणि मध्य. काळी चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. हलक्या भिंती उचलल्या जातात, जड खांब बसतात आणि भिंतीत तिरप्या भेगा जातात. शेजारच्या कुंपणभिंती बघा, त्या खोटं बोलत नाहीत. भर टाकून सपाट केलेली जुनी खाण किंवा बुजवलेलं तळं असेल तर सावध व्हा. भर एकसारखी बसत नाही, आणि अशी जमीन वरून सर्वात छान सपाट दिसते.

पाणी: आसपासच्या सर्वात जुन्या रहिवाशांना विचारा की पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर खूण दाखवायला सांगा आणि ती पातळी रस्त्याच्या उंचीशी मोजून घ्या. जोतं त्या खुणेच्या ४५ ते ६० सेंटिमीटर वर. तळघरात पुस्तकं ठेवू नका, कितीही आग्रह झाला तरी. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं तेव्हा तळघरातला आणि तळमजल्यावरचा फार मोठा साठा चिखलात गेला, आणि तो दुरुस्त करण्याचं काम पुढे अनेक दशकं चाललं. भिजलेल्या कागदावर बुरशी यायला ४८ ते ७२ तास पुरतात.

---

कपाट_क्रमांक_७

सगळ्यांचे आभार, इतक्या नेमक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. (क) चा भूखंड ४०० चौरस मीटरच आहे, म्हणजे तो जवळजवळ बादच झाला.

समितीतल्या बहुतेकांचं मत (अ) कडे झुकतंय. युक्तिवाद असा की जागा फुकट आहे, वाढायला भरपूर वाव आहे, आणि वाचलेले पैसे इमारतीत घालता येतील. याला काय उत्तर द्यावं? आणि (ब) च्या ९०० चौरस मीटरवर ९३५ चौरस मीटर बांधकाम करून पुन्हा वाढीला वाव कसा ठेवायचा?

---

पायवाट

फुकट जागेचं उत्तर अँड्र्यू कार्नेगी यांच्या अटीत आहे. १८८३ ते १९२९ या काळात त्यांच्या देणगीतून जगभर सुमारे २,५०० ग्रंथालयं उभी राहिली. बहुतेक ठिकाणी इमारतीचे पैसे त्यांचे, पण जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या १० टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवायला द्यायची, अशी अट होती. इमारत बांधणं एकदाचं असतं, चालवणं कायमचं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. तुमच्या समितीला हाच प्रश्न विचारा: २,४०० चौरस मीटरचं कुंपण, राखण, दिवे, झाडोरा, पाणी, येण्याजाण्याचं वाहन, यांचे पुढच्या पन्नास वर्षांचे पैसे कोण देणार? जागेची किंमत पन्नास वर्षांवर विभागून वर्षाला किती पडते ते काढा आणि शेजारी (अ) चा वर्षाचा जादा खर्च लिहा. दोन आकडे एका कागदावर आले की ‘फुकट’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

दान घ्यायचंच ठरलं तर दानपत्र वकिलाकडून ओळन् ओळ वाचून घ्या. ‘वापर बदलल्यास जमीन परत’ अशी अट असेल तर पुढे भूखंडाचा तुकडा विकून विस्तार करणं, तारण ठेवून कर्ज काढणं, दोन्ही बंद. सगळ्या वारसांची लेखी संमती, अधिकृत मोजणी आणि हद्दीच्या खुणा, आणि रस्त्यापासून भूखंडापर्यंतच्या वाटेचा नोंदलेला हक्क, हे तिन्ही हातात आल्याशिवाय स्वीकारू नका. वाट तोंडी असलेले भूखंड फार असतात.

आणि एक मधला मार्ग: दात्याला विचारा की तो भूखंड विकून आलेले पैसे (ब) साठी वापरायला त्यांची हरकत आहे का. नाव नव्या इमारतीवर ठळक लावता येईल. ज्यांना वाचनालयाबद्दल खरी माया आहे ते हे समजून घेतात. पण विचारायचं स्वीकारण्याआधी, नंतर नाही.

---

उत्तरेचा_उजेड

(ब) वर बसवायचं कसं, ते सांगते.

दोन मजले केले तर ९३५ चे प्रत्येकी सुमारे ४७०. म्हणजे ९०० पैकी ४३० चौरस मीटर मोकळे. बाजूला सोडायची अंतरं, सायकली, चढउतार आणि अग्निशमनाची गाडी यात बसवावी लागते; किती जागा झाकता येते याचा तुमच्याकडचा नियम आधी तपासा, तो कडक असेल तर सभागृह आणखी वरच्या, तिसऱ्या मजल्यावर न्यावं लागेल. मोठं वाहन मागच्या बाजूला पोचायची वाट न राहिल्याने आराखडा परत येतो, तेव्हा तीच वाट सर्वात आधी काढा.

तळमजल्यावर देवघेव, वृत्तपत्रं, बालविभाग आणि सर्वात जास्त फिरणारी पुस्तकं. वर अभ्यासिका, संदर्भ, बंद साठा. दोन मजले म्हणजे दोन ठिकाणी देखरेख, म्हणजे एक माणूस कायमचा जास्त. तो टाळायचा असेल तर जिना देवघेव टेबलासमोरून जाऊ द्या आणि वरची अभ्यासिका काचेच्या भिंतीची करा.

खांबांचं अंतर रॅकवरून ठरवा. वाट १०५ सेंटिमीटर आणि रॅक ४५, म्हणजे रॅकच्या मध्यापासून मध्यापर्यंत दीड मीटर. मग खांब ६ किंवा ७.५ मीटरवर घ्यायचे, म्हणजे प्रत्येक खांब रॅकच्या ओळीत लपतो. हे केलं नाही की खांब वाटेच्या मधोमध येतो आणि तिथली वाट चाकाच्या खुर्चीला बंद होते. खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ ओळींच्या टोकांना ठेवा. दिव्यांच्या पट्ट्या रॅकला आडव्या टाका. समांतर टाकल्या तर रॅक हलवल्या दिवशी उजेड कपाटांच्या माथ्यावर पडतो आणि खालची फळी अंधारात जाते.

तुळई_खांब यांनी सांगितलेलं जोतं उंच घेतलं की चाकाच्या खुर्चीसाठी दाराशी करायच्या उताराची लांबी वाढते. १ ला १२ हा उतार धरला तर ६० सेंटिमीटर जोत्याला ७.२ मीटर, शिवाय वर आणि खाली दीड मीटरची सपाट जागा. १ ला १५ केला तर ९ मीटर, आणि म्हाताऱ्या माणसांना तो खूपच सोसतो. हा उतार मुख्य दारालाच असू द्या. मागच्या दाराने बोलावलेला वाचक दुसऱ्यांदा येत नाही.

वाढीचे दोन मार्ग असतात आणि ठरवायचे असतात आजच. वर वाढायचं तर पाया आणि खांब तिसऱ्या मजल्याच्या भाराचे आत्ताच करा. नंतर पाया जाड करणं जवळजवळ अशक्य. खांबांच्या डोक्यावर सोडलेल्या सळ्या उघड्या ठेवू नका, त्या गंजतात आणि पुढे जोडायच्या कामाच्या राहत नाहीत. हलक्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, वेळ आली की फोडता येतं. बाजूला वाढायचं तर एक बाजू जिना, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहं यांच्यापासून पूर्ण मोकळी ठेवा आणि त्या भिंतीत तुळईखाली फक्त विटा, म्हणजे एक दिवस ती भिंत काढता येते. (ब) वर मी वरचा मार्ग घेईन. पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहं मात्र कुठल्याही मजल्यावर पुस्तकांच्या डोक्यावर येऊ देऊ नका.

खिडक्या उत्तरेला मोठ्या, पश्चिमेला लहान आणि छज्जासकट. पश्चिमेचं ऊन कण्यांवर पडलं की काही महिन्यांत रंग उडतो. (ब) ची मोकळी बाजू कुठल्या दिशेला आहे?

---

कपाट_क्रमांक_७

मोकळी बाजू पूर्वेला आणि उत्तरेला. पश्चिमेला शाळेची भिंत आहे.

---

उत्तरेचा_उजेड

मग फारच बरं. शाळेच्या भिंतीकडे जिना, स्वच्छतागृहं आणि बंद साठा. मधल्या सुट्टीचा गलका तिकडेच अडतो आणि ऊनही. अभ्यासिका उत्तरेला.

---

दाखलनोंद

गुणपत्रकाबद्दल, कारण समितीत शेवटी ते लागतंच.

दोन टप्पे ठेवा. पहिल्यात गुण नाहीत, फक्त हो किंवा नाही: कागदपत्रं स्वच्छ, वाटेचा हक्क नोंदलेला, पुराच्या खुणेवर, माती बांधण्याजोगी, ९३५ चौरस मीटर बसतात. एकही ‘नाही’ आलं की जागा बाद. हे निकष गुणांच्या बेरजेत टाकले तर भरपूर पार्किंगचे गुण पुराची भीती झाकून टाकतात.

दुसऱ्या टप्प्यात १०० गुण, आणि कुणीही जागा बघायला जाण्याआधी वजनं ठरवून त्यावर सगळ्यांच्या सह्या. मी असं वाटेन: पायी पोचण्याची सोय ३०, मुलांची सुरक्षित वाट १५, अंधारानंतरची सुरक्षितता १५, वर्षाचा चालवण्याचा खर्च १५, वाढीला वाव १०, रस्त्यावरून दिसणं १०, शांतता ५. प्रत्येक सदस्याने वेगळ्या कागदावर गुण द्यायचे, चर्चा नंतर. जिथे दोघांच्या गुणांत मोठा फरक पडतो तिथेच चर्चेचा वेळ घाला. मग प्रत्येक वजन पाचने वर-खाली करून बघा. निकाल तेवढ्याने उलटत असेल तर दोन्ही जागा सारख्याच चांगल्या आहेत, मग जी लवकर ताब्यात येते ती घ्या.

(ब) चा व्यवहार करताना इसारपावतीत मातीपरीक्षणाची अट घाला: छिद्रांचा अहवाल प्रतिकूल आला तर इसार परत. आणि शक्य असेल तर एक भेट मुसळधार पावसात, छत्री घेऊन, शाळा सुटायच्या वेळेला द्या. पाणी कुठे साचतं आणि मुलं कुठल्या बाजूने जातात, दोन्ही एकदमच दिसेल.